दसऱ्याची पिशवी

घरात दुधाच्या पिशव्या आल्या की मी आधी त्यांच्या तारखा पाहते, नवी पिशवी फ्रीजमध्ये मागे सारते आणि जुनी पुढे ओढते. सुनेला याचे हसू येते. "आई, दोनच तर आहेत," ती म्हणते. तिचे म्हणणे बरोबर आहे. पण ज्या बाईचे सारे नोकरीचे आयुष्य रक्तपेढीच्या कपाटापुढे गेले, तिचा हात असाच चालणार. जी आधी संपणार ती पुढे, जी नंतर संपणार ती मागे. निवृत्त झाले, तरी कुठे तरी काही तरी संपत आले आहे आणि त्याचा योग्य माणूस अजून सापडलेला नाही, अशी एक रुखरुख मनात सारखी येरझाऱ्या घालते. दिवाळी जवळ आली की ती वाढते. त्याचे कारण सांगण्यासाठीच हा लेख.

आमची रक्तपेढी बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागात, एका तालुक्याच्या गावी, रुग्णालयाला लागूनच होती. दोन खोल्या, रक्त घेण्याची एक खुर्ची, तपासणीचे एक टेबल आणि रक्त साठवण्याचे एक कपाट. साखरखेर्डा, हिवरा आश्रम या बाजूंची माणसे आमच्याकडे येत. मी तंत्रज्ञ होते. रक्त घेणे, त्याचा गट तपासणे, ते रुग्णाच्या रक्ताशी जुळते की नाही हे पाहणे आणि ते सांभाळणे, एवढे माझे काम. यातले सर्वांत अवघड काम शेवटचे, हे बाहेरच्या माणसाला सहसा पटत नाही.

ते पटत नाही, कारण आमच्या भागात भाजी ताजी हवी तसे रक्तही ताजे हवे असते. पहाटे तोडलेली मेथी सूर्य वर येण्याआधी बाजारात पोचवणारी ही माणसे. पिशवी हातात देण्यापूर्वीच विचारत, "मॅडम, हे कवाचं हाय?"

"आठ दिवसांपूर्वीचे."

"शिळं नका देऊ हो. आजचं काढेल द्या."

एकदा एका गृहस्थाने स्वतःचे रक्त दिल्यावर मला बाजूला बोलावून बजावले, "मॅडम, माहं रक्त माळकरी हाय. खाणाऱ्या-पिणाऱ्याले देऊ नका." मी त्यांना सांगितले, "भाऊ, रक्त ज्या घरी जाते त्या घरचे जेवते. ते तुमचे ऐकणार नाही." ते बराच वेळ विचार करीत बसले. मग म्हणाले, "पोरीसारखंच हाय म्हना मंग." आणि चहा घेऊन निघून गेले.

अशा माणसांना मी एक गोष्ट नेहमी समजावून सांगत असे. माझे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. कोणतीही गोष्ट समोरच्याला कळली नाही तर दोष सांगणाऱ्याचा, हे त्यांनी आम्हा भावंडांच्या मनावर ठसवले होते. म्हणून रक्तपेढीच्या भिंतीवर मी एक छोटा फळा लावून घेतला होता. त्या फळ्यावर मी जे सांगत असे, ते इथेही थोडक्यात सांगते. पुढची हकिगत त्याशिवाय कळणार नाही.

रक्ताच्या पिशवीत रक्त भरण्याआधीच थोडे पाण्यासारखे द्रावण असते. त्यात रक्त गोठू नये यासाठी एक क्षार असतो आणि तांबड्या पेशींना खाण्यासाठी साखर असते. पूर्वी द्रावणात हे एवढेच मुख्य घटक असत, आणि असे रक्त थंड कपाटात ठेवले तरी एकवीसच दिवस टिके. त्यानंतर ते रुग्णाला देण्याजोगे राहत नसे. पेशींचा अभ्यास करणाऱ्यांना यात एक कोडे पडले. पेशी उपासमारीने मरतात म्हणावे, तर साखर शिल्लक असे. अन्न समोर असताना पेशी मरत का होत्या?

उत्तर समजण्यासाठी पणती डोळ्यांपुढे आणावी. पणतीत तेल भरपूर आहे, पण वात जळून गेली आहे. अशी पणती तेल असूनही विझते. साखर हे पेशीचे तेल. वात ज्या पदार्थापासून वळतात, त्याचे नाव अ‍ॅडेनीन. शाळेच्या पुस्तकात अ‍ॅडेनीन भेटते ते आनुवंशिकतेच्या चार अक्षरांपैकी एक म्हणून. प्युरिन नावाच्या कुळातला हा पदार्थ. षट्कोनाला चिकटलेला पंचकोन, अशी त्याची आकृती काढतात. पण तांबडी पेशी रक्तात उतरते तेव्हा तिच्यात केंद्रकच उरलेले नसते. तिच्याजवळ वाचायला ती अक्षरे नाहीत. तिला अ‍ॅडेनीन लागते ते उजेडासाठी. साखरेतून मिळणारी शक्ती ज्या रेणूत साठवून पेशी खर्च करते, त्या रेणूचे एक अंग म्हणजे अ‍ॅडेनीन. कपाटात ठेवलेल्या पेशींतून हे अंग हळूहळू झिजून बाहेर पडते आणि तांबडी पेशी ते मुळापासून नव्याने घडवू शकत नाही. मात्र कोणी तयार दिले, तर ते आत घेऊन ती पुन्हा वात वळू शकते. म्हणून द्रावणात अत्यल्प अ‍ॅडेनीन घालू लागले. अत्यल्पच, कारण जास्त झाले तर मूत्रपिंडांना बाधते. तेवढ्याने एकवीस दिवसांचे पस्तीस झाले.

"म्हणजे शिळे नाही," मी शेवटी म्हणत असे. "वात लावलेली पणती आहे." लोक मान हलवीत आणि तरीही जाताना म्हणत, "पाहा मॅडम, आजचं असन तं."

आता त्या दसऱ्याबद्दल.

दसऱ्याच्या सकाळी रक्तपेढीत सहसा कोणी येत नाही. त्या दिवशी विठ्ठल आला. तिशीचा, उंच, जळगाव जामोदकडचा शेतकरी. तो भाग जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. पहाटेची एसटी धरून, मध्ये गाडी बदलून तो आला होता. खिशातून आपट्याची पाने काढून त्याने माझ्या टेबलावर ठेवली. "सोनं घ्या मॅडम. अन माहं रक्त घ्या."

त्याची धाकटी बहीण रेणुका साखरखेर्ड्याला दिलेली. ती गरोदर होती आणि तिची वार गर्भाशयाच्या तोंडाशी बसली होती. अशा बाळंतपणात एकाएकी फार मोठा रक्तस्राव होऊ शकतो. रुग्णालयातील आमच्या डॉक्टर मॅडमनी दिवाळीनंतरच्या आठवड्यात ऑपरेशन ठरवले होते आणि घरच्यांना सांगितले होते की रक्ताची पिशवी हाताशी असल्याशिवाय मी सुरी हातात घेणार नाही. रेणुकाचा गट ओ निगेटिव्ह. आमच्याकडे हा गट क्वचित सापडतो आणि त्या गटाच्या माणसाला दुसऱ्या कोणत्याही गटाचे रक्त निर्धास्तपणे चालत नाही. विठ्ठलचाही गट तोच, हे गावातल्या एका शिबिरात त्याला कळले होते.

तो खुर्चीवर आडवा झाला, बाही वर सारली आणि म्हणाला, "पिशवीवर तिचं नाव टाका. रेणुका. खाली लिहा, भावाकडून. भाऊबीज हाय माही."

सुई टोचण्याआधी खरे सांगणे हे माझे कर्तव्य होते. मी म्हणाले, "भाऊ, तुमचे रक्त मी आनंदाने घेईन. पण ते रेणुकाला देणार नाही."

तो उठूनच बसला. "काऊन? खोट हाय काय माह्या रक्तात?"

"खोट नाही. नाते आहे."

हे खरे तर फळ्यावर सांगण्यासारखे नव्हते. मी स्टूल ओढून त्याच्यापुढे बसले. "तुमच्या अंगणात परका माणूस शिरला तर कुत्रा काय करतो?"

"भुंकते. पायाले धरते."

"आणि तुमचा भाऊ शिरला तर?"

"शेपूट हालवते."

"रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्या परक्याच्या असल्या तर रुग्णाचे शरीर त्यांना ओळखते आणि हाकलून देते. सख्ख्या भावाच्या असल्या तर कधी कधी कुत्रा भुंकतच नाही. त्या आत राहतात आणि मग घरावरच हक्क सांगू लागतात. असे फार क्वचित होते. पण झाले तर माणूस बहुधा वाचत नाही. मोठ्या शहरांत किरणांनी त्या पेशी निकामी करण्याचे यंत्र असते. आमच्याकडे नाही."

विठ्ठलने टेबलावरची आपट्याची पाने सारखी केली. मग हळू आवाजात म्हणाला, "मी तिच्यापाशी वाटणी नाही मांगणार, मॅडम. तिनंच मले हक्कसोड करून देल्लं. कचेरीत सही केली, अन वापस जातानी पुऱ्याचा डबा माह्याच हातात देल्ला. म्हने, दादा, तू उपाशी असशीन." आणि म्हणाला, "मले तिले काहीतरी द्यायचं हाय."

तो पुन्हा आडवा झाला. "घ्या. पण तिले दुसरं कुठून आणसान?"

"आणीन."

"आपरेशनच्या आधी?"

"आधी."

"जबान देल्ली हां, मॅडम."

"दिली," मी म्हणाले. पिशवी भरली. तिच्यावर मी गट लिहिला, दसऱ्याची तारीख लिहिली आणि शेवटची तारीख लिहिली. नावाची जागा कोरी ठेवली, ती त्याने उठताना पाहिली.

रक्तपेढीच्या माणसाने शब्द देऊ नये. आमच्या हातात काहीच नसते. जे असते ते दुसऱ्याच्या दंडात असते. दसरा ते दिवाळी हा काळ तर आमच्या धंद्यातला सर्वांत कोरडा. शिबिरे होतात ती जयंत्यांना आणि वाढदिवसांना. त्या दिवशी पिशव्या ठेवायला जागा पुरत नाही, आणि सणात सोयाबीनची मळणी, घरांची रंगरंगोटी, कापसाची पहिली वेचणी. माझ्या ओळखीच्या ओ निगेटिव्ह दात्यांना मी एकामागून एक फोन केले. एकाने नुकतेच दिले होते, त्याला तीन महिने थांबणे भाग होते. एक शिक्षिका नवरात्राच्या उपासांनी इतकी खालावली होती की तिचे रक्त तिलाच पुरत नव्हते. एक व्यापारी म्हणाला, "मॅडम, दिवाळी होऊ द्या, मंग दोन पिशव्या घ्या." दोन पिशव्या एका वेळी घेता येत नाहीत आणि दिवाळी होईपर्यंत मला थांबता येत नव्हते.

कपाटाच्या काचेतून दसऱ्याची पिशवी रोज दिसे. ओ निगेटिव्हच्या कप्प्यात ती एकटी उभी होती. मोठी विचित्र अवस्था होती ती. ज्या रुग्णाला तिची गरज, तिला ती देता येत नव्हती. ज्याला देता आली असती, असा रुग्ण आला नव्हता. पेशी वात वळीत होत्या, आणि मी दिवसातून किती तरी वेळा उगाचच कपाटाशी जाऊन उभी राहत होते. आमचे मदतनीस वामनराव म्हणत, "मॅडम, सारखं दार उघडल्यानं थंडी जाते." मी दार उघडीत नसे, फक्त उभी राहत असे. पण त्यांचा मुद्दा योग्य होता.

शेजारच्या जिल्ह्यात एक मोठी रक्तपेढी होती. तिथल्या तंत्रज्ञांना मी दसऱ्यापासून विचारत होते. उत्तर एकच, "आमच्याकडेच नाही हो, मॅडम." लक्ष्मीपूजनाच्या सकाळी त्यांचाच फोन आला. "एक आली आहे. चार दिवसांची. पण देता येणार नाही. दिली तर आमचा कप्पा रिकामा. सणाच्या दिवसांत रस्त्यावर अपघात किती होतात, तुम्हाला माहीत आहे."

"माझी घ्या," मी म्हणाले. "अदलाबदल करू."

"तुमची कधीची?"

"दसऱ्याची."

ते मोठ्याने हसले. "वा मॅडम! चार दिवसांची घेता आणि फराळाआधीचे शिळे देता?"

हे शब्द रुग्णांच्या नातेवाइकांकडून ऐकण्याची सवय होती, सहकाऱ्याकडून नव्हती. मी म्हणाले, "जुन्या द्रावणातली असती तर भाऊबिजेला फेकावी लागली असती. ही तशी नाही. हिला अजून जवळजवळ दोन आठवडे आहेत. तुमच्या कप्प्यात तुमची पिशवी जे काम करते आहे, तेच माझी करील. उभी राहील. अपघात आला तर जाईल."

त्यांनी कोणाला तरी वही आणायला सांगितले. मग म्हणाले, "ठीक आहे. पण हातोहात. आधी तुमची माझ्या कपाटात, मग माझी तुमच्या पेटीत. मागे एकांना उसनी दिली, ती परत आलीच नाही."

पाडवा झाला की रुग्णालयाच्या गाडीने वामनरावांना पाठवायचे, असे ठरले. ऑपरेशनला आठवडा होता. त्या संध्याकाळी दिवे लावून झाल्यावर मी प्रथमच कपाटाचा विचार न करता फराळाला बसले.

भाऊबिजेच्या सकाळी, घरातली अंघोळीची गडबड सुरू असतानाच डॉक्टर मॅडमचा फोन आला. रेणुकाला रक्तस्राव सुरू झाला होता. साखरखेर्ड्याहून तिला जीपमध्ये घालून आणले होते. मी पोचले तेव्हा डॉक्टर मॅडम रक्तपेढीच्या दारातच उभ्या होत्या. "सध्या थांबले आहे," त्या म्हणाल्या. "पुन्हा सुरू होणार हे नक्की. तासाने, दोन तासांनी, संध्याकाळी, सांगता येत नाही. तुमच्याकडे काय आहे?"

"एकच. भावाची."

आम्ही दोघींनी कपाटाकडे पाहिले. त्यांना सगळे माहीत होते. क्वचित होणारा धोका आणि समोर दिसणारा धोका, यांतला हिशोब करणे हेच त्यांचे काम. वेळ आली असती तर त्यांनी ती पिशवी लावली असती, आणि मी विरोध केला नसता. पण दुसरी पिशवी आणायची, तर हीच पिशवी पेटीत घालून पाठवायला हवी होती. तेवढे तास कप्पा रिकामा. त्या वेळात पुन्हा रक्तस्राव सुरू झाला असता तर पॉझिटिव्ह देण्यावाचून गती नव्हती, आणि त्याने तिच्या पुढच्या बाळंतपणांत नवा घोळ झाला असता. तोही, ती वाचली तर.

मी पुन्हा तिकडे फोन केला. आधी तुमची द्या, माझी मागाहून पाठवते, अशी विनवणी केली. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्यावर विश्वास आहे. रस्त्यावर नाही." त्यांचेही चूक नव्हते. त्यांच्याही दारात कोणाची तरी जीप येणार होती.

डॉक्टर मॅडमनी रेणुकाची नाडी पुन्हा पाहिली, परत आल्या आणि म्हणाल्या, "पाठवा."

पाठवायचे कसे? गाडी एका दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेली होती. भाऊबिजेच्या एसटीत माणसाला उभे राहायला जागा नसते, तिथे बर्फाची पेटी कुठे ठेवणार? एवढ्यात अंगणात मोटारसायकल थांबली. विठ्ठल. भाऊबिजेसाठी तो साखरखेर्ड्याला निघाला होता, वाटेत फोन आला आणि तसाच इकडे वळला. हँडलला एक कापडी पिशवी लटकत होती, तिच्यात साडीचा खोका.

मी त्याला सरळ सांगितले. "भाऊ, तुमची पिशवी तिकडे नेऊन ठेवायची आणि तिकडची रेणुकासाठी आणायची. वामनराव पेटी घेऊन मागे बसतील."

"माहीच पिशवी मीच नेऊ?"

"हो."

त्याने साडीचा खोका माझ्या हातात दिला. "हे सांभाळा. बसा हो काका."

ते गेले. मी कपाटाजवळ आले. कप्प्याची काच स्वच्छ होती आणि मागे पांढरी भिंत दिसत होती. नोकरीत मी अनेक कप्पे रिकामे पाहिले. पण स्वतःच्या हाताने रिकामा करून त्याच्यासमोर बसून राहण्याची वेळ तेवढ्याच दिवशी आली. मी रेणुकाच्या रक्ताचा नमुना तयार करून ठेवला. नळ्या मांडल्या. पुन्हा मांडल्या. वॉर्डात जाऊन आले. ती भिंतीकडे तोंड करून, पाय उंचावर ठेवून निजली होती. कपाळावर घाम. माझ्याकडे न पाहताच तिने विचारले, "दादा आला का हो?"

"आला होता. कामाला गेला आहे."

"आज कोणतं काम?" ती म्हणाली.

मधून वामनरावांचा फोन आला. मागे वाऱ्याचा आवाज. "मॅडम, हा माणूस चहाले थांबू देऊन नाही राह्यला! खड्डा आला का मलेच बोलते, काका, पेटी हालवू नका, काका, पेटी मांडीवर घ्या. अरे बाबा, मांडी सुन्न झाली माही!" पलीकडून विठ्ठलचा आवाज, "चहा सांजच्यानं पाजतो काका, दोन कप पाजतो!" मग फोन कटला. पिशवी बदलून झाली की नाही, एवढेच सांगायचे ते विसरले होते. मी परत लावला, लागला नाही.

दुपारी जेवणाच्या सुमारास परिचारिका धावत आली. पुन्हा सुरू झाले होते. डॉक्टर मॅडमनी रेणुकाला आत घेण्याची तयारी केली आणि मला निरोप पाठवला तो एकाच शब्दाचा: "किती?" म्हणजे किती वेळ. मला उत्तर माहीत नव्हते. मी रस्त्याच्या टोकापर्यंत चालत गेले आणि पुन्हा आत आले, कारण फोन आतल्या खोलीत होता. मग पुन्हा बाहेर.

ते आले तेव्हा दोघांच्या भुवया धुळीने पांढऱ्या झाल्या होत्या. पेटी घेऊन मी आत गेले आणि दार लावले. यापुढच्या कामाला घाई चालत नाही. परक्याच्या पेशी, रेणुकाच्या रक्तातील द्रव, दोन्ही एका नळीत. ठरलेला वेळ थांबायचे, नळी फिरवायची आणि प्रकाशात धरून हलकेच हलवायची. पेशींचे दाणे झाले तर रक्त जुळत नाही. सारखी लाली पसरली तर जुळते. नळी यंत्रात फिरत असताना दारावर थाप पडत होती. मी उत्तर दिले नाही. नळी उचलली, खिडकीपाशी नेली आणि हलवली. लाली एकसारखी पसरली. खात्रीसाठी सूक्ष्मदर्शकाखालीही पाहिली. एकही दाणा नव्हता.

पिशवी मी स्वतः नेली. पुढचे काम डॉक्टर मॅडमचे होते आणि ते त्यांनी केले. मुलगी झाली. संध्याकाळी रेणुकाचे ओठ पुन्हा ओठांच्या रंगाचे दिसू लागले, तेव्हा मी विठ्ठलला आत सोडले. साडीचा खोका त्याच्या हातात होता, पण तो पुढे करण्याचे त्याला सुचत नव्हते.

"काय आणलं दादा?" तिने विचारले.

"दुसऱ्याची पिशवी आणली."

"अन तुही?"

"माही तिकडं ठेवून आलो."

तिला काही कळले नाही. तिने डोळे मिटले आणि त्याचे बोट धरून ठेवले.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण दुसऱ्या दिवसापासून विठ्ठलचे फोन येऊ लागले. "मॅडम, माही गेली काय?"

कोणाचे रक्त कोणाला दिले, हे सांगण्याचा आमच्याकडे नियम नाही. पण दिले की नाही, एवढे मी विचारू शकत होते. मी तिकडे विचारले. "अजून नाही." दोन दिवसांनी पुन्हा, "नाही." त्यांचा कप्पा त्या सणात सुदैवी निघाला होता. ओ निगेटिव्हचा अपघात आला नाही, बाळंतीण आली नाही. असे व्हावे अशीच प्रार्थना आपण करतो, आणि तरीही मी रोज त्यांना जवळजवळ काकुळतीने विचारत होते. शेवटची तारीख आली. रात्र उलटली. तिकडचे तंत्रज्ञ स्वतःच म्हणाले, "मॅडम, काढून टाकावी लागली. वाईट वाटते." ते हसले नाहीत.

विठ्ठलला मी खरे सांगितले. "नाही गेली, भाऊ. मुदत संपली. नियमाने नष्ट केली."

मग तो म्हणाला, "बरं," आणि फोन ठेवला.

त्यानंतर फोन नाही. रेणुका बाळाला घेऊन तपासणीला येऊन गेली. भावाची चौकशी केली तर म्हणाली, "वावरात असते." मला वाटले, एक दाता गेला. खरे बोलून आपण तो घालवला. मी त्याला समजावण्याचे किती तरी पाठ मनातल्या मनात तयार केले. वडिलांच्या शिकवणीप्रमाणे, समोरच्याला कळले नाही तर दोष सांगणाऱ्याचा. पण सांगायचे काय? वात होती, तेल होते, पणती जळत राहिली आणि त्या उजेडात कोणी आलेच नाही, हे?

संक्रांत होऊन गेल्यावर एका सकाळी तो दारात उभा राहिला. अंगाला हिवाळ्यातल्या शेकोटीच्या धुराचा वास. डोळे तांबारलेले.

"आजारी आहात का?" मी विचारले.

"नाही. जागलीचं हाय. काल राती झोप घेतली. हरभऱ्यात रानडुकरं शिरून राह्यले." तो खुर्चीवर बसला, बाही वर करू लागला. "मॅडम, मी लय इचार केला. पयले रागच आला. म्हनलं, नालीत गेलं माहं रक्त. मंग परवा राती मचानावर बसलो होतो. डुक्कर आलंच नाही. सकाळी बायको म्हने, फुकट जागले. मी म्हनलं, फुकट कसं? मी होतो म्हनून बाजूच्या वावरातले लोकं घरी झोपले ना."

त्याने दंड पुढे केला. "तिकडं माही उभी होती म्हनूनच थ्या लोकायनं आपली सोडली ना?"

"हो," मी म्हणाले. "म्हणूनच."

"मंग झालं."

मी दंडावरची शीर शोधू लागले. पिशवी भरत आली तेव्हा मी लेबल घेतले. त्याने मान वळवून पाहिले.

"नाव?" मी विचारले.

"कोनाचंच नका टाकू. ठेवून द्या फक्त."

मी गट लिहिला. आजची तारीख लिहिली, आणि खाली शेवटची. कप्पा उघडला आणि पिशवी नीट उभी केली.